चार पोती वाळू

“आवो मास्तर, उलटं! चाक उलटं फिरवा!”

दादू भोरे घाटाच्या पायरीवरून ओरडत होता आणि मी मगदुमांच्या मोठ्या जीपमध्ये घामाघूम होऊन बसलो होतो. मागं ट्रेलर, ट्रेलरवर फायबरची बोट आणि त्याच्या मागं कृष्णा नदी. गाडी मागं घेताना ट्रेलर डावीकडं न्यायचा तर चाक उजवीकडं वळवायचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला मीच ते फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. पण फळ्यावरचा ट्रेलर गपगुमान सरळ जातो. घाटावरचा माझा ट्रेलर तिसऱ्यांदा आडवा झाला, बोटीचं नाक दगडी कठड्याला घासलं आणि पायऱ्यांवर जमलेलं निम्मं गाव हसलं.

शेवटी चौथ्या खेपेला मी कसाबसा ट्रेलर पाण्यापर्यंत नेला आणि वर ओढून आणला. वर ओढताना मात्र जीपनं हूं की चूं केलं नाही. खालचा गिअर टाकला, चारी चाकं लावली, आणि पंधरा पोती वाळू भरलेली बोट तिनं उचलल्यासारखी वर आणली.

मग दादूची पाळी. त्यानं ट्रेलर शिरगावकरबाईंच्या इस्टेट गाडीला लावला. लांबलचक, बसकी, मागच्या डिकीत माणूस आडवा झोपेल एवढी गाडी. गावात तिला सगळे लांबडी म्हणायचे. दादू आत बसला, आरशात एकदा बघितलं, आणि एका दमात, कुठंही न थांबता, ट्रेलर सरळ पाण्यात नेऊन उभा केला. पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. ओढताना लांबडीचं इंजिन जरा कण्हलं, एकदा चाक जागच्या जागी फिरलं, दादूनं पाय हलका केला आणि गाडी वर आली.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगतो. आदल्या वर्षीच्या, म्हणजे पाच सालच्या पुरात आमच्या गावची माणसं दोन दोन दिवस पत्र्यांवर बसून होती. बाहेरून बोट आली ती तिसऱ्या दिवशी. पाणी ओसरल्यावर गावानं पूर मदत समिती काढली, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी बोट दिली, इथल्याच वेल्डिंगवाल्यानं ट्रेलर करून दिला. आता ती बोट ओढायला गाडी हवी होती, कारण पाणी एकाच जागी येत नाही. कधी ओढ्याच्या बाजूनं वस्ती बुडते, कधी मळ्याच्या. बोट रस्त्यानं तिथवर न्यावी लागणार.

गाड्या दोघांनी देऊ केल्या. वीटभट्टीवाल्या मगदुमांनी त्यांची मोठी जीप, आणि डॉक्टर शिरगावकरबाईंनी त्यांची लांबडी. बाईंनी दवाखाना बंद केला होता. पंधरा वर्षं दादू त्यांची गाडी चालवत होता. गाडी समितीला गेली की दादूही गाडीबरोबर समितीच्या कामाला राहील, असं त्यांच्या मनात होतं. समितीला गाडी एकच ठेवता येणार होती. शाळेच्या मागची शेड एका गाडीची, आणि दोन्ही दात्यांना दुखवायचं नाही म्हणून अध्यक्ष नरगुंदे अण्णांनी तोड काढली: मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही गाड्यांची सगळ्यांसमोर परीक्षा घ्यायची. घाटावर एकदा, रस्त्यावर एकदा. आणि गाड्यांमधलं कळणारा माणूस म्हणून अहवाल लिहायचा मी, गुरव मास्तरनं.

घाटावरची परीक्षा झाल्यावर चहा झाला. पिंपळाखाली खुर्च्या टाकल्या होत्या.

“मला तर लांबडीच बरी वाटते,” अण्णा म्हणाले. “डिकीत म्हातारं माणूस झोपवून नेता येईल. त्या जीपवर चढायलाच शिडी लागेल. डिझेल पिते ते वेगळंच. मास्तर, तुमचं काय मत?”

“अण्णा, आज घाट कोरडा आहे,” मी म्हटलं. “ऑगस्टमध्ये इथं गुडघाभर गाळ असेल. दोनच चाकांवर ओढणारी गाडी त्यात जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. ओढायला वजनदार गाडी पाहिजे, चारी चाकांना ताकद असलेली.”

मी बोललो ते बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

“भर पावसात ह्याच गाडीनं मी मळ्यामळ्यात बाळंतपणं करून आले,” शिरगावकरबाई म्हणाल्या. “दादू असला की गाडीला चारी चाकं असतात.” मग त्यांनी माझ्याकडं बघून हसत म्हटलं, “मास्तर, रागावू नका हं, पण मागं घेण्यासाठी तुम्ही दादूकडं शिकवणी लावा.”

खुर्च्यांवरची सगळी माणसं खदखदून हसली. दादू लाजून खाली बघत म्हणाला, “आवो बाई, मास्तर लई शिकल्यालं हायती. आपली नुसती सवय.” मीही हसलो. कप खाली ठेवला आणि बोटीची ताडपत्री नीट बांधलीय का बघून येतो, म्हणून उठलो.

रस्त्यावरची परीक्षा कालव्याच्या पुलापर्यंतची होती. पाच किलोमीटर, डांबरी, मध्ये एक उतार. आधी लांबडी जाणार होती. ट्रेलर तिलाच जोडलेला होता. निघण्याआधी दादूनं गाडीभोवती एक फेरी मारली. हुकापाशी वाकला, हात लावून बघितला.

“मास्तर, मागनं जरा उचलल्यागत वाटतीया. पोती नीट हायती न्हवं?”

“आहेत. मी आत्ताच बघितली.”

“मग झालं,” तो म्हणाला आणि गाडीत बसला. अण्णा त्याच्या शेजारी बसले. मी मागून जीप घेऊन निघालो, माझ्याशेजारी शिरगावकरबाई.

पहिले तीन किलोमीटर काही झालं नाही. उतार लागला, दादूनं जरा वेग घेतला, साठाच्या आसपास असेल. मग ट्रेलरची शेपूट डावीकडं सरकली. पुन्हा उजवीकडं. पुन्हा डावीकडं, आधीपेक्षा जास्त.

“हे असं काय करतंय?” बाई म्हणाल्या.

मी जीपचा वेग कमी केला. दादूनं वेग सोडला, पण उतार होता. ट्रेलर नाचायला लागला आणि त्याच्याबरोबर लांबडीची मागची बाजूही रस्ताभर झुलायला लागली. एकदा, दोनदा दादूनं ती सावरली. तिसऱ्यांदा ट्रेलर कडेच्या उसात आडवा झाला आणि त्यानं गाडीला ओढून पाण्याच्या चारीत नेलं.

आम्ही धावत गेलो. अण्णांचं खांद्यापुढचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ते कण्हत होते पण शुद्धीवर होते. बाईंनी तिथंच बसकण मारून माझ्या टॉवेलनं त्यांचा हात गळ्यात बांधला. दादूच्या कपाळातून रक्त येत होतं. ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. तो चारीच्या कडेला उभा राहून आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत होता.

“हातात आलीच न्हाई, मास्तर,” तो मला म्हणाला. “धरली हुती मी. पर हातात आलीच न्हाई.”

“होतं असं कधी कधी,” मी म्हटलं.

“मला कवा झालं न्हाई.”

वाळूची पोती उसात विखुरली होती. दोन फुटली होती. अण्णांना तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर मी उसात शिरलो आणि एकेक पोतं शोधून रस्त्यावर आणून ठेवलं. सगळी पंधरा. हाताला उसाची पात कापत होती. लोक म्हणत होते, मास्तर बघा, एकटा राबतोय.

आता जे सांगायचं ते सांगतो. चहाच्या वेळी मी ताडपत्री बघायला उठलो तेव्हा मीच बोटीच्या पुढच्या भागातली चार पोती उचलून मागं, बोटीच्या इंजिनाच्या शेजारी ठेवली होती. ट्रेलरचं थोडं वजन पुढं, हुकावर टेकलेलं असावं लागतं. वजन मागं गेलं की हूक वर उचलला जातो आणि वेग घेतला की ट्रेलर झुलायला लागतो. हलकी गाडी मग त्याला आवरू शकत नाही. हे मला जितकं माहीत होतं तितकं त्या गावात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ट्रेलर थोडा हलेल, अण्णा घाबरतील, गाडी थांबवायला लावतील, आणि लांबडीचा विषय संपेल. पोती हलवायला दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांत माझ्या कानात गुडघाभर गाळ नव्हता, ऑगस्टचं पाणी नव्हतं. पिंपळाखालचं हसणं होतं.

पण पोती हलवणं एक वेळ रागाच्या भरात झालं म्हणता येईल. दादूनं हुकाला हात लावून मला विचारलं, तेव्हा राग उतरला होता. तेव्हा मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघून ‘आहेत’ म्हणालो.

पुढच्या रविवारी मी तीच पोती नीट मांडून जीप कालव्यापर्यंत नेली आणि आणली. ट्रेलर हलला नाही. अहवालात लिहिलं: इस्टेट गाडी ट्रेलर ओढताना अस्थिर होते, मोठी जीप योग्य. चार ओळींचा अहवाल. गळ्यात हात बांधलेल्या अण्णांनी त्यावर डाव्या हातानं सही केली.

अण्णा मनानं मोठे. ते दादूला बोलावून म्हणाले, “झालं गेलं नदीला मिळालं. तू जीप चालव. तुझ्याइतका हात कुणाचा नाही.”

दादू हात जोडून उभा राहिला. “नको अण्णा. हात गेला माझा. तुमचं हाड मोडलं म्हंजे माझ्या हातानं मोडलं.”

मी तिथं बसलो होतो. जीपची किल्ली माझ्याकडं आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला. घाटावर खरंच गाळ होता. जीप त्यातून बोट घेऊन गेली, पुन्हा पुन्हा गेली. चार दिवसांत आम्ही एकशे चाळीस माणसं काढली, जनावरं वेगळी. लांबडीनं ते काम झालं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पंधरा ऑगस्टला शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. दादू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

ती शाल घेऊन मी सरळ अण्णांच्या घरी गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खांदा चोळत बसले. तो खांदा पुढं कायमचा वाकडाच राहिला.

“मास्तर,” ते म्हणाले, “हे आता कुणाला सांगू नका. लोकांचा ह्या समितीवर विश्वास बसलाय. एकशे चाळीस माणसं निघाली.”

“आणि दादू?”

“दादूला मी काहीतरी काम बघतो.”

मी ते ऐकलं. ऐकायला सोपं होतं. अण्णांनी दादूला शीतगृहावर राखणदाराचं काम लावून दिलं. बाई मुलाकडं पुण्याला गेल्या, लांबडी कुणीतरी विकत घेऊन गेलं. दादू सायकलीवरून शीतगृहाला जायचा. रस्त्यात माझी जीप दिसली की सायकल बाजूला घेऊन हात करायचा. जावयानं टेम्पो घेतला आणि म्हणाला, मामा, तुम्हीच चालवा. दादू बसला नाही. परवान्याची मुदत संपली, त्यानं तो पुन्हा काढला नाही. अण्णा गेले. मी कधी दादूच्या घरी गेलो नाही. तेरा वर्षं.

मग एकोणीस सालचा पूर आला. असा पूर कुणी बघितलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जीपवरून उतरताना घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. समितीचा दुसरा ड्रायव्हर आष्ट्याकडं धान्य आणायला गेला होता. ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा, बोट वर, आणि मळ्यावरच्या एका घरात अकरा माणसं छातीभर पाण्यात. ट्रेलर अरुंद बोळातून उलटा पाण्यात न्यायचा होता. तेवढं काम तालुक्यात डोळे झाकून करेल असा एकच माणूस होता आणि तो दहा पावलांवर, डोक्यावर बोचकं घेऊन उभा होता.

“दादू, तू घे,” मी म्हटलं. “एवढं मागं घे फक्त.”

त्यानं बोचकं खाली ठेवलं. जीपच्या दारापर्यंत आला. दार निम्मं उघडलं आणि पुन्हा लावून टाकलं.

“नको मास्तर,” तो म्हणाला. “कडंला बायका उभ्या हायत, लेकरं हायत. माझा भरवसा न्हाई.”

ट्रॅक्टरवाल्याला शोधून आणेपर्यंत पाऊण तास गेला. अकराच्या अकरा माणसं निघाली. पण तो पाऊण तास मी मोडलेलं मनगट धरून जीपला टेकून उभा होतो, आणि दादू माझ्याकडं पाठ करून उभा होता, मला तोंड दाखवायची लाज वाटल्यासारखा. त्याला!

पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली. हाताला प्लॅस्टर असतानाच मी समितीच्या बैठकीत सगळं लिहून दिलं, वाचून दाखवलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. मग मगदूम म्हणाले, “अहो मास्तर, कशाला उकरून काढताय? गाडी तर बरोबरच निवडली ना तुम्ही!” दोघातिघांनी माना डोलावल्या. तेरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला तिथं बसवेना.

तसाच दादूच्या घरी गेलो. तो अंगणात, पुरात भिजलेल्या पेटीतली कापडं उन्हात पसरत होता.

“या मास्तर, हात कसा हाय?”

मी बसलो नाही. बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बोललो असतो. पोती, इंजिन, हूक, सगळं सांगितलं. तो हातातलं धोतर तसंच धरून ऐकत राहिला.

“किती?” त्यानं विचारलं.

“चार पोती.”

“मी तुमास्नी इचारलं हुतं,” तो म्हणाला.

“हो.”

त्यानं धोतर दोरीवर टाकलं. सुरकुत्या काढल्या. फार वेळ काढत राहिला. मला वाटलं तो मारेल. मारावं, असंही वाटलं.

“माझी बायकू म्हणायची,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला. “त्याच दिशी म्हणाली. तुमच्या हातनं असं हुणार न्हाई, कायतरी दुसरं असंल. मी तिच्यावर खेकसलो. तुला काय कळतंय गाडीतलं, म्हणालो. पुन्ना म्हणाली. मी हात उगारला. आयुष्यात एकदाच. मग ती कवा बोलली न्हाई.” तो थांबला. “आत जावा. तिला सांगा.”

“दादू...”

“मला सांगून काय हुतंय? तिला सांगा जावा.”

मी आत गेलो. शेवंताबाई चुलीपुढं गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. भिंतींवर छातीएवढ्या उंचीला पुराची रेघ होती. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “च्या ठिवू का, मास्तर?”

“नको,” म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ह्या वेळी जास्त अवघड गेलं. त्यांना हूक आणि वजन समजावून सांगावं लागलं. त्यांच्या हातातली शेंग मध्येच थांबली.

“म्हंजे ह्यांचा हात गेला नव्हता.”

“नाही.”

“कवाच न्हाई?”

“कधीच नाही. गाडी कुणाच्याही हातात राहिली नसती. दोनदा त्यांनी सावरली, तीच मोठी गोष्ट.”

त्यांनी शेंगांची परडी बाजूला सारली. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा तापत गेला. आणि तो राग माझ्यावर नव्हता, निदान त्या क्षणी तरी नव्हता. त्या माझ्या अंगावरून दाराकडं बघत होत्या, अंगणात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नवऱ्याकडं.

“तेरा वर्सं,” त्या म्हणाल्या. “तेरा वर्सं मला गप बसवलं ह्या माणसानं.”

मी मान खाली घातली.

“तुमी जावा आता, मास्तर. मला ह्यांच्याशी बोलायचंय. तुमच्याम्होरं न्हाई.”

मी निघालो. दादूच्या जवळून गेलो, त्यानं वळून बघितलं नाही. कुंपणाबाहेर आलो तेव्हा मागून शेवंताबाईंचा आवाज ऐकू आला. आधी हळू, मग चढत गेला, एवढा की शेजारच्या घरातली बाई दारात आली. तेरा वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. काय म्हणत होत्या ते मी ऐकलं नाही. ऐकायचा मला हक्क नव्हता. पण त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा दादूचा आवाज आला, आणि तो मात्र कानावर पडलाच.

“तुझंच खरं हुतं,” तो म्हणत होता. “शेवंता, तुझंच खरं हुतं गं.”

मी झपझप पुढं चालायला लागलो.